खारट झालेली येळवणीची आमटी: एका होळीच्या संध्याकाळचं प्रकरण

होळीला आमच्या कराडच्या घरी सोळा माणसं जेवायला होती. पुरणाला किलोभर हरभऱ्याची डाळ, तेवढाच गूळ आणि डाळीवरून गाळून घेतलेल्या पाण्याची आमटी. पुण्याकडे त्या पाण्याला कट म्हणतात, आमच्याकडे येळवणी. पोळ्या सासूबाईंकडे, डाळ शिजवून पुरण वाटायचं काम धाकट्या जाऊबाईंकडे आणि आमटी माझ्याकडे. माणसं तीन, स्वयंपाकघर एक, आणि मिठाचा डबाही एकच. पुढचं सगळं या शेवटच्या दोन गोष्टींतून निघालं.

आमची आमटी नेहमीची आहे. येळवणीत शिजलेली थोडी डाळ घोटून घालायची, सुकं खोबरं आणि जिरं भाजून वाटायचं, लवंग-दालचिनीची फोडणी, हिंग, कढीपत्ता, गोडा मसाला, लाल तिखट, चिंच आणि गूळ. नैवेद्याची म्हणून कांदा-लसूण नाही. ही आमटी मी पंधरा वर्षं करतेय. त्यामुळे ती बिघडली तेव्हा कौशल्य कमी पडलं असं मला वाटलं नाही, आणि तिथेच पहिला अर्धा तास वाया गेला.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. होळीला नैवेद्य दाखवेपर्यंत आमच्या घरी कुणी काही चाखत नाही. मीठ, चिंच, तिखट सगळं नजरेनं आणि हाताच्या अंदाजानं पडतं. एरवी आमटी करताना मी चार वेळा तरी चव घेते. सणाला ती सोय नसते. साडेसातला होळी पेटली, नैवेद्य दाखवून झाला, पुरुषमंडळी बोंबा मारत अंगणात होती, आणि मी आत येऊन पहिला चमचा तोंडात घातला. खारट. नुसती खारट नाही, खारट आणि आंबट. डोळे मिटावेत इतकी आंबट.

मग मी जे केलं ते घाबरलेला माणूस करतो तेच. जिभेला आधी आंबट बोचलं म्हणून मुठीएवढा गूळ घातला. नंतर अंदाज केला तेव्हा तो शंभर ग्रॅमच्या आसपास भरला. आंबटपणा बसल्यासारखा वाटला, पण आता आमटीला मीठ घातलेल्या पन्ह्याची चव आली. म्हणजे तिखट कमी पडतंय, असं ठरवून दोन चमचे लाल तिखट. त्यानंतर जाऊबाईंनी सुचवलं म्हणून चार बटाटे सोलून अख्खे सोडले आणि मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, पंधरा-वीस मिनिटं उकळू दिलं. बटाटे काढून चव घेतली तर आमटी आधीपेक्षा खारट. त्या क्षणी मला रडू यायचं बाकी होतं. बाहेर पानं मांडायला सुरुवात झाली होती.

सांगलीहून आलेल्या आत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, तोवर देवघरात बसल्या होत्या. त्या आत आल्या, पातेल्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या गुळाच्या खड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, आधी गॅस बंद कर. आणि तो हात खाली ठेव."

मीठ कुठून कुठून आलं

गॅस बंद झाल्यावर आत्यांनी चव घेतली नाही. आधी प्रत्येकीला विचारलं, तू काय घातलंस? मला तेव्हा याचा राग आला होता. आता वाटतं, सगळ्या प्रकरणात महत्त्वाचं काही घडलं असेल तर ते हेच.

मी पाच चमचे मीठ घातलं होतं. माझ्या डब्यातला चमचा सपाट भरला तर सहा ग्रॅम मीठ येतं, हे मी पुढे काट्यावर बघितलं. म्हणजे ३० ग्रॅम. पातेल्यात तीन लिटरच्या आसपास आमटी होती. भाताबरोबर खायच्या पातळ पदार्थाला लिटरमागे आठ ते दहा ग्रॅम मीठ पुरतं, म्हणजे मी बरोबर होते, किंचित सढळ. सासूबाईंनी पोळ्या लाटता लाटता येऊन आणखी दोन चमचे टाकले होते. कारण त्यांच्या मते माझा हात अळणी आहे. हे त्या मला कधी म्हणाल्या नव्हत्या, गेली पंधरा वर्षं गुपचूप एखादी चिमूट टाकून निभावून नेत होत्या. सणाचं पातेलं मोठं म्हणून चिमटीचे चमचे झाले. ते १२ ग्रॅम. जाऊबाईंनी डाळ शिजायला टाकताना हळद-तेलाबरोबर एक चमचा मीठ घातलं होतं. त्यांच्या माहेरी, बार्शीकडे, तशी पद्धत आहे, पुरणाला त्यानं उठाव येतो म्हणतात. त्यातलं निम्मं डाळीत राहिलं असं धरलं तरी तीन ग्रॅम येळवणीत उतरलं.

झाले ४५ ग्रॅम. तीन लिटरला ४५, म्हणजे लिटरला पंधरा. हवं त्याच्या दीडपट.

आणि चौथं मीठ कुणीच घातलं नव्हतं. घाईत चिंच भिजवायची राहिली म्हणून मी बाजारच्या तयार कोळाची बाटली फोडली होती. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले होते: चिंच, पाणी, मीठ. टिकावं म्हणून मीठ घालतात, त्यात लपवाछपवी काही नाही, मीच वाचलं नव्हतं. शिवाय घरी लिंबाएवढी चिंच भिजवून निघणारा कोळ आणि बाटलीतला आटवलेला गोळा यांच्या जोरात फार फरक असतो. मी दोन्हींना एकच वाटी लावली. आंबटपणाचा उलगडा तिथेच झाला.

असं न दिसणारं मीठ घरात बरंच असतं. कोकणातलं कोकमाचं आगळ खारवलेलंच असतं, म्हणून सोलकढीला मीठ घालताना तिकडच्या बायका हात आखडता घेतात. काही तयार मसाल्यांत मीठ असतं, खारे शेंगदाणे कुटून कूट केलं तर त्यातही. सुकट किंवा जवळा घातलेल्या कालवणाचं तर विचारूच नका. गूळसुद्धा कधी कधी खारा निघतो, म्हणून आमच्या आजी गुळाची ढेप घेताना खडा चाखल्याशिवाय पैसे काढत नसत.

मी केलेल्या तीन चुका, आणि त्या का चुका होत्या

गुळानं आंबटपणा मारला, असं आपण म्हणतो. तो मरत नाही. चिंचेतलं आम्ल पातेल्यात होतं तेवढंच राहतं. गोड आणि आंबट एकत्र आले की जिभेला दोन्ही थोडे दबलेले लागतात, इतकंच. चिंच-गुळाच्या आमटीची सगळी मजा या दबण्यावर उभी आहे. पण दोन्ही योग्य मापात असतात तेव्हाची ती मजा. एक पट्टीबाहेर गेलं म्हणून दुसरं त्याच्या बरोबरीला नेलं की आमटी समतोल होत नाही, फक्त मोठ्यांदा बोलायला लागते. दोन माणसं भांडताना तिसऱ्यानं वरच्या पट्टीत "शांत व्हा" म्हणावं, तसं माझ्या तिखटानं केलं.

तिखटाचं तर आणखीच वेगळं आहे. तिखट ही खारट-आंबटासारखी चवच नाही, ती जळजळ आहे. तोंडात उष्णता जाणवून देणारे जे ग्राहक, म्हणजे मेंदूला वर्दी देणारे सूक्ष्म संवेदक, असतात, तेच मिरचीतल्या कॅप्सेसिननं चेततात. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली वैद्यकातलं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं ते याच शोधासाठी. ग्राहक एकच असल्यामुळे वाफाळती आमटी आहे त्याहून तिखट लागते, आणि मी तर थेट उकळत्या पातेल्यातून चमचे उचलत होते. पोळलेल्या जिभेला मीठ काय आणि गूळ काय. चव घ्यायची तर वाटीत काढून, फुंकर घालून, पानात वाढू तितकी कोमट झाल्यावर घ्यावी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. घाईत आठवलं नाही.

आता बटाटा. हा उपाय महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, म्हणून जरा थांबून हिशेब मांडते. बटाटा मीठ "ओढून घेतो" म्हणतात. मध्यम बटाटा शंभर ग्रॅमचा, त्यात ऐंशी ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं. आमटीतलं मीठ हळूहळू त्या पाण्यात शिरतं, पण फार तर बाहेर जितकं दाट आहे तितकंच आत होईल, त्यापुढे नाही. मीठ तेवढं वेचून घ्यावं अशी कोणतीही ओढ बटाट्यात नाही. म्हणजे चार बटाट्यांनी आपलं काम अगदी शंभर टक्के केलं तरी परिणाम सव्वातीनशे मिलिलिटर पाणी ओतल्याइतकाच. आणि अख्खा बटाटा वीस मिनिटांत तेवढंही करत नाही, मधोमध फोडून बघा, आत अळणीच असतो. उलट त्या वीस मिनिटांत झाकण नसलेल्या पातेल्यातून पाणी उडून गेलं, मीठ जागेवर राहिलं. बटाट्यानं दिलं त्याहून जास्त आचेनं नेलं. कणकेचा गोळा सोडण्याची तीच कथा. बटाट्याची बाजू घ्यायचीच तर इतकं म्हणेन, तो तसाच रश्शात ठेवून पानात वाढला तर प्रत्येक घासाला काहीतरी अळणी मिळतं आणि खारटपणा सुसह्य होतो. काढून टाकायला मात्र तो घालू नये.

चार वाट्या

आत्यांनी चार वाट्या मांडायला सांगितल्या आणि प्रत्येकीत अर्धी वाटी आमटी. मोठ्या पातेल्याला आता हात लावायचा नाही, जे करायचं ते वाटीत. पातेल्यात घातलेलं परत काढता येत नाही, वाटी मोरीत ओतता येते.

पहिल्या वाटीत पाव वाटी कढत पाणी. मीठ जागेवर आलं, आंबट जागेवर आलं, पण अंग गेलं. भातावर घातली की निथळून ताटाच्या कडेला जाईल अशी.

दुसरीत चमचाभर पुरण. आमच्याकडे आमटीला दाटपणा यायला चमचा-दोन चमचे पुरण घालायची रीत आहे, म्हणून मला याचीच आशा होती. पण मी आधीच गूळ ओतून ठेवला होता. वाटीतलं प्रकरण बासुंदीला मोहरीची फोडणी दिल्यासारखं लागलं, आणि खाली खारटपणा होता तसाच.

तिसरीत पाव वाटी नारळाचं दूध. ही वाटी खरं तर सगळ्यात चविष्ट होती. मीठ उतरलं, दुधातल्या स्निग्धतेनं तिखटाची धार बोथट झाली. फक्त ती येळवणीची आमटी राहिली नव्हती. आत्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "छान आहे. मालवणात वाढ." मटणाचा किंवा कोंबडीचा रस्सा असता तर मी डोळे झाकून याच वाटेनं गेले असते.

चौथी वाटी आम्हाला सुचलीच नसती. जाऊबाईंचं बाळ दहा महिन्यांचं, त्याच्यासाठी तुरीचं वरण बिनमिठाचं, मऊ घोटून वेगळं ठेवलं होतं. त्यातले दोन चमचे घेऊन पाण्यात सैल केले आणि ते पाव वाटीभर वरण आमटीत घातलं. मीठ उतरलं, आंबट उतरलं, अंगही टिकलं. वास मात्र गेला, मसाल्याचा मागमूस उरला नाही. तो परत आणता येतो.

चव घ्यायची रीतही आत्यांनी बदलायला लावली. नुसती आमटी भुरकायची नाही, भाताच्या घासाबरोबर खायची. आमचा भात बिनमिठाचा असतो, तो आमटीचं मीठ, आंबट, तिखट सगळं खाली खेचतो. नुसती पिताना नेमकी लागणारी आमटी भातावर मिळमिळीत होते, आणि भातावर नेमकी असणारी पिताना किंचित खमकीच लागते. त्यातून पान पुरणपोळीचं, शेजारी इतकं गोड असताना आमटीला थोडा कडकपणा हवाच. आणि चव आत्यांनीच घेतली, मी नाही. तोवर माझे दहा-बारा चमचे झाले होते. माझ्या जिभेवर त्या वेळी कुणी विश्वास ठेवू नये, मीसुद्धा.

पातेल्यावर काय केलं

चौथ्या वाटीचं प्रमाण होतं दोन भाग आमटी, एक भाग अळणी डाळ. सगळ्या तीन लिटरला हे लावायचं तर साडेचार लिटर आमटी झाली असती, पातेलंही पुरलं नसतं आणि माणसंही. म्हणून आत्यांनी एक लिटर आमटी काढून बाजूला ठेवली. बाटलीतलं मीठ सोडलं तर उरलेल्या दोन लिटरमध्ये ३० ग्रॅम मीठ. त्यात लिटरभर बिनमिठाची डाळ गेली की तीन लिटरला ३०, लिटरला दहा. मी सुरुवातीला अंदाजानं घातलं होतं तेवढंच. हा हिशेब आत्यांनी असा आकड्यांत मांडला नाही. त्यांनी वाटीकडे बघून "दोनास एक" म्हटलं, आकडे मी रात्री भांडी आवरताना जुळवले.

वाटीभर तूरडाळ हळद घालून कुकरला लावली. चार शिट्ट्या, आणि वाफ जिरायचीही वाट न बघता शिटी उचलून काढली. घोटून, पाणी घालून लिटरभर केली. ती होईपर्यंत दुसरी फोडणी: तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, आच बारीक करून त्यात दीड चमचा गोडा मसाला, आणि लगेच भाजलेल्या खोबऱ्या-जिऱ्याचं ओलं वाटण. मसाला तेलात पडल्यावर तीन-चार मोजायचे आणि वाटण घालायचं, नाहीतर तो जळतो. गोड्या मसाल्यातलं दगडफूल आणि धणे जळले की जो कडवटपणा येतो त्याला औषध नाही. कडूपणा मिठानं आणि गुळानं थोडा दबतो, जळका वास कशानंच जात नाही. अशी फोडणी ओतून द्यावी आणि नवी करावी, त्यात जीव अडकवू नये.

डाळ, आमटी आणि फोडणी एकत्र आली, एकच उकळी दिली. मीठ, गूळ, चिंच, तिखट यांतलं नवं काहीही घातलं नाही. मला थोडी चिंच कमी वाटत होती. मी बाटलीकडे हात नेला तेव्हा आत्यांनी भाताचा घास कालवून माझ्या तोंडात घातला. घासाबरोबर आंबटपणा पुरेसा होता. नऊ वाजायला आले होते, पानं वाढली.

आता निकाल प्रामाणिकपणे सांगायचा तर आमटी वाचली, पण नेहमीची झाली नाही. येळवणीला हरभऱ्याच्या डाळीची स्वतःची एक गोडसर, जड चव असते. तिच्यात लिटरभर तूर गेली आणि ती चव पातळ झाली. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतली. सासऱ्यांनी पहिल्या भुरक्यालाच ओळखलं. "आज आमटी वरणाकडे झुकलीय," एवढंच म्हणाले आणि पोळीवर तूप घेतलं. तूर नसती आणि वेळ असता, तर मूठभर हरभऱ्याची डाळ कुकरला लावून तिची नवी येळवणी काढणं जास्त बरोबर ठरलं असतं, असं मला अजून वाटतं. पण न भिजवलेली हरभऱ्याची डाळ घोटण्याइतकी मऊ व्हायला लागणारा वेळ तेव्हा आमच्याकडे नव्हता.

बाजूला काढलेली लिटरभर आमटी दुसऱ्या दिवशी धुळवडीला उपयोगी पडली. तिच्यात दीड लिटर पाणी घालून उकळी आणली आणि चकोल्या केल्या, काही जण त्यांना वरणफळं म्हणतात. कणकेत हळद आणि तेल, मीठ अजिबात नाही. पोळी लाटून शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडल्या आणि उकळत्या आमटीत एकेक सोडल्या. बटाट्याला जे जमलं नव्हतं ते इथे जमलं, कारण कणीक आमटी पिते आणि ती पानातच येते, काढून टाकावी लागत नाही. पाणी वाढवल्यानं मसाला कमी वाटला, म्हणून वरून लसणीची फोडणी ओतली. आता नैवेद्याचं बंधन नव्हतं.

मी कणीक मळत होते तेव्हा सासूबाई ओट्यापाशी आल्या, सवयीनं मिठाचा डबा उघडला, चमचा हातात घेतला आणि थांबल्या. "घातलंस?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, घालायचं नाहीये म्हटलं. त्यांनी चमचा परत डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि वड्या पाडायला बसल्या.